ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि रॅम किती वर्षं टिकतात?

प्रश्न थोडक्यात असा: एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरचे सहाही कोअर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं, ४.६ गिगाहर्ट्झवर बांधून ठेवले आहेत आणि त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) १.३५ व्होल्ट दिले आहेत. डीडीआर४ रॅम ३६०० वरून ३८०० वर नेली आहे, १.४५ व्होल्टवर. मशीन रोज आठ-दहा तास चालतं आणि त्यात व्हिडिओ रेंडरिंगही होतं. तासभर सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी) चालवून पाहिलं, काही बिघडलं नाही. हेच सेटिंग पाच वर्षं ठेवलं तर चालेल का?

प्रोसेसर पाच वर्षांत जळून जाईल अशी भीती बाळगायचं कारण नाही. पण हेच आकडे, हाच वेग पाच वर्षं स्थिर राहील या भरवशावर बसू नका. आणि रॅम तर अजून तपासलेलीच नाही. सिनेबेंच रॅमवर फारसा ताण टाकत नाही, त्यामुळे त्यातून रॅमबद्दल काहीही कळत नाही. या मशीनमधली सगळ्यात मोठी जोखीम रॅमचीच आहे, आणि ती चिपपेक्षा तुमच्या फायलींना जास्त आहे.

आधी चिप झिजते कशी ते पाहू, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर अवलंबून आहेत. वेग वाढवल्यानं चिप थेट मरत नाही. मारतात तीन गोष्टी: व्होल्टेज, करंट आणि तापमान. चिपच्या आत तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा असतात. त्यांतून जोराचा करंट सतत वाहिला की, पाटाच्या पाण्यानं बांध हळूहळू खचावा तसे तांब्याचे अणू जागचे हलतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात त्याचं समीकरण मांडलं. तारेचं आयुष्य करंटच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतं आणि तापमानाबरोबर घातांकी वेगानं घटतं. दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या गेटवर होते. गेटवर व्होल्टेज आणि उष्णता दीर्घकाळ राहिली की ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज हळूहळू वर सरकतं. म्हणजे काल जो वेग १.२५ व्होल्टवर मिळत होता त्याला दोन वर्षांनी १.२७ लागतात. तिसरी झीज म्हणजे गेटखालचा विद्युतरोधक थर हळूहळू कमकुवत होणं. ही व्होल्टेजच्या बाबतीत फार संवेदनशील असते आणि तो थर एकदा फुटला की परतीचा मार्ग नाही.

तुमच्या आकड्यांचाच हिशोब करा. चिप खाते ती वीज ढोबळमानानं व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात वाढते. समजा तीच चिप ४.४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर पूर्ण भार पेलत होती. ४.६ ला १.३५ दिल्यावर वीज सुमारे ३२ टक्के वाढली, वेग वाढला साडेचार टक्के. झिजेला कारणीभूत असलेल्या तिन्ही गोष्टी एकदम वर गेल्या आणि रेंडरिंगमध्ये तासाला जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटं वाचली. हा सौदा मला पटत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर तर रायझन स्वतःच १.४५, कधी कधी १.५ व्होल्ट घेताना दिसतो, मग १.३५ मध्ये काय वाईट?’ रायझनच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजानं होतं. चिप १.४५ किंवा १.५ मागते तेव्हा एखादा कोअर क्षणभर जागा होऊन छोटं काम करत असतो, करंट कमी असतो, चिप थंड असते. सहाही कोअर कामाला लागले की तीच चिप स्वतःहून व्होल्टेज खाली आणते, कारण किती करंट आणि तापमानाला किती व्होल्टेज सोसेल याचा हिशोब तिच्या आतच सतत चालू असतो. तुम्ही सगळे कोअर एका आकड्यावर बांधता तेव्हा तो हिशोब बाजूला पडतो. मग १.३५ व्होल्ट आणि पूर्ण करंट हे दोन्ही तासन्‌तास एकत्र राहतात.

तुमच्या स्वतःच्या चिपची मर्यादा ढोबळमानानं मोजता येते. बायोस डिफॉल्टला आणा, प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह म्हणजे पीबीओ (चिपला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारं सेटिंग) चालू करून वीज आणि करंटच्या मर्यादा मोकळ्या करा, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग, शून्यावर ठेवा. चांगला कूलर लावलेला असतानाच प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ अशा नावाचं कोअर व्होल्टेज पाहा. मदरबोर्डच्या सेन्सरचा आकडा नको, तो बऱ्याचदा चुकतो. भाराखाली चिप स्वतः जे व्होल्टेज निवडते, तेवढंच तिला पूर्ण भारात दीर्घकाळ मानवणारं व्होल्टेज समजा. ते १.२५ आलं आणि तुम्ही १.३५ देत असलात, तर तो वरचा ०.१ व्होल्ट तुम्ही चिपच्या आयुष्यातून काढून वापरता आहात.

म्हणून माझा सल्ला: बांधलेला वेग सोडा. ५६०० च्या मूळ मर्यादा ७६ वॅट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर अशा आहेत, बायोसमध्ये त्या पीपीटी (एकूण वीज), टीडीसी (सलग करंट) आणि ईडीसी (क्षणिक करंट) या नावांनी दिसतात. त्या अनुक्रमे ९५, ७० आणि १०० च्या आसपास न्या आणि तापमानाची कमाल मर्यादा ८५ अंश टाका. मग कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० द्या. यातला एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी झाल्यानं त्याच विजेत चिप जास्त वेग गाठते, आणि झीजही घटते. पाच-पाचच्या पायरीनं खाली जा. जे दोन कोअर मुळात सर्वांत चांगले म्हणून चिपनं निवडलेले असतात ते सहसा कमी सोसतात, कारण त्यांचं व्होल्टेज आधीच खेचून धरलेलं असतं. ते निगेटिव्ह ५ वर थांबले आणि बाकीचे २० पर्यंत गेले तर नवल नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझर चुकलं तर प्राइम९५ मध्ये कळेलच असं नाही. मशीन रेंडरिंग तासभर व्यवस्थित करतं आणि नंतर ब्राउझर उघडा असताना अचानक रीस्टार्ट होतं, कारण सर्वांत वरचा बूस्ट हलक्या भारातच लागतो. त्यासाठी कोअरसायकलर हे साधन वापरा. ते एका वेळी एकच कोअर घेऊन तपासतं. रात्रभर चालू द्या. रीस्टार्ट झालं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची, १८ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात ‘कॅशे हायरार्की एरर’ आणि एक एपिक आयडी, म्हणजे चूक झालेल्या थ्रेडचा क्रमांक, असतो. ५६०० मध्ये ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा, असं मोजत जा. त्या एकाच कोअरला पाच अंक परत द्या.

लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, ऑटो किंवा मधल्या पातळीवर ठेवा. भार आला की व्होल्टेज थोडं घसरतं, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. एलएलसी सर्वांत कडक केलं की घसरण दिसत नाही आणि माणसाला बरं वाटतं. पण भार अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज काही मायक्रोसेकंद ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतं. कोणतंही सॉफ्टवेअर ही उसळी पकडू शकत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

आता रॅम. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपी प्रोफाइलची (म्हणजे कंपनीनं जास्त वेगाचं सेटिंग आधीच साठवून दिलेली) बरीचशी मॉड्यूल १.३५ वर चालतात, आणि प्रमाणकात दिलेली कमाल मर्यादा १.५ व्होल्ट आहे. ३६०० सीएल१४ ची (सीएल हे रॅमच्या प्रतिसादाचं टायमिंग, जितकं कमी तितकं चांगलं) काही किट कंपनीकडूनच १.४५ वर विकली जातात. म्हणजे १.४५ हा आकडा स्वतःहून घाबरण्यासारखा नाही. पण ती किट सॅमसंगच्या बी-डाय या मेमरी चिपची असतात, आणि बी-डाय व्होल्टेजला चांगला प्रतिसाद देते. मायक्रॉन रेव्ह-ई मध्ये व्होल्टेज वाढवून सीएल थोडं खाली येतं, टीआरसीडी हे दुसरं टायमिंग मात्र जागचं हलत नाही. हायनिक्सच्या काही चिप १.४ च्या पुढे सुधारण्याऐवजी बिघडतात. तेव्हा आधी थाइफून बर्नरनं मॉड्यूलवर कोणती चिप आहे ते बघा. ती बी-डाय नसेल तर १.४५ ठेवण्यात बहुधा फायदा नाही, १.३५ ते १.४ मध्येच काम भागवा.

खुद्द रॅमच्या चिप या व्होल्टेजला सहसा मरत नाहीत. ताण येतो प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरवर. रॅम ३८०० ला नेली की इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारी वाहिनी) १९०० मेगाहर्ट्झला जातं, आणि ते जमावं म्हणून मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज, तुम्हाला न विचारता वाढवतो. ऑटोवर ते किती आहे हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघा. एएम४ वर, म्हणजे ५६०० च्या सॉकेटवर, रोजच्या वापराला १.०५ ते १.१ पुरेसं आहे. ते १.१५ च्या पुढे न्यावं लागत असेल तर त्या चिपला १९०० झेपत नाही असं समजा. फॅब्रिक आणि मेमरीच्या जोडणीची बाकीची व्होल्टेजही ठरवा: व्हीडीडीजी आयओडी १.०० ते १.०५, व्हीडीडीजी सीसीडी ०.९५ आणि व्हीडीडीपी ०.९० च्या आसपास हातानं टाका. एसओसी हे व्हीडीडीजीपेक्षा निदान ५० मिलिव्होल्टनं वर असलं पाहिजे, कारण व्हीडीडीजी त्यातूनच निघतं.

१९०० वर दुसरीही अडचण असते. फॅब्रिक अगदी काठावर असेल तर चुका होतात आणि दुरुस्तही होतात. मशीन चालू राहतं, पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदी साचत जातात. अशा नोंदी दिसल्या तर ३६०० आणि १८०० वर परत या. हा बहुतेक ५६०० ना सहज झेपणारा वेग आहे. ३८०० पेक्षा बँडविड्थ पाच टक्क्यांनी कमी मिळते, आणि तेवढी उणीव टायमिंग नीट लावून बऱ्यापैकी भरून निघते.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रोसेसर स्टॉकवर ठेवून फक्त रॅम तपासा. मग रॅम साध्या २६६६ वर आणून फक्त प्रोसेसर. दोन्ही वेगवेगळे पास झाले की एकत्र. सगळं एकदम वाढवलं तर चूक कुठली ते कधीच कळत नाही. रॅमसाठी पहिली चाचणी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची, चार फेऱ्या. हिचा मोठा फायदा हा की विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे सेटिंग साफ चुकलेलं असलं तरी ड्राइव्हवर काही बिघडत नाही. मात्र ती पास झाली म्हणून थांबू नका, तिच्यातून बऱ्याच चुका निसटतात. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५, त्यात अंता७७७ चं एक्स्ट्रीम प्रोफाइल, निदान तीन फेऱ्या. शेवटी वाय-क्रंचर तासभर. एकसुद्धा चूक आली तर सेटिंग नापास. ‘फक्त एक एरर’ असं काही नसतं.

इतकं कडक का, हे नीट समजून घ्या. साध्या डीडीआर४ ला ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोय, नसते. एखादा बिट उलटला तर कोणालाच कळत नाही. तो बिट नुसत्या चित्रातल्या एका ठिपक्याचा असेल तर ठीक. पण फाइल ड्राइव्हवर लिहिली जाण्याआधी रॅममध्येच थांबलेली असते. तिथे बिट उलटला तर बिघडलेलीच फाइल जशीच्या तशी साठवली जाते, आणि बॅकअपमध्येही तीच जाते. महिन्यांनंतर प्रोजेक्ट उघडत नाही तेव्हा चांगली प्रत कुठेच शिल्लक नसते. म्हणून ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर काम करत असाल तर बॅकअपच्या जुन्या आवृत्त्या ठेवा, फक्त शेवटची नको. विंडोज टाकताना आणि बायोस अपडेट करताना रॅम नेहमी डिफॉल्ट वेगावर आणा.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जानेवारीत पुण्यात २४ अंशांच्या खोलीत ठरवलेलं सेटिंग मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४० अंशांच्या खोलीत टिकेलच असं नाही. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली सोळा अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच वर जाते, आणि तापलेली चिप वीज जास्त गळू देते म्हणून थोडी अधिकच. रॅमचं तर आणखी अवघड. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा विद्युतभार, तो सतत गळत असतो आणि ठरावीक वेळानं पुन्हा भरला जातो. उष्णतेत गळती वाढते, म्हणूनच ८५ अंशांच्या वर हे भरणं दुप्पट वेळा करावं असं प्रमाणक सांगतं. तुम्ही टीआरएफसी (या भरण्याला दिलेला वेळ) आवळलं असेल, किंवा इंटेल आणि एएम५ (एएमडीचं पुढचं सॉकेट) वर टीआरईएफआय (दोन भरण्यांमधलं अंतर) ताणलं असेल, तर पहिली चूक इथेच येते. घट्ट टायमिंगची बी-डाय तर ५० अंशांच्या आसपासही चुका करू लागते. रॅमवर हवा येईल असा एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा, आणि रॅमची चाचणी ग्राफिक्स कार्डावर भार टाकून दुपारी घ्या. कार्डाची गरम हवा रॅमवरच जाते, आणि रात्री एकट्या रॅमची घेतलेली चाचणी ही स्थिती दाखवत नाही.

मदरबोर्डचा वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, बहुतेक जण विसरतात. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर ५६०० स्टॉकला निवांत चालतो. पण १.३५ व्होल्ट देऊन तासन्‌तास रेंडरिंग केलं की आजूबाजूचे कपॅसिटर भाजतात. द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असलेल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. घन पॉलिमरचे जास्त टिकतात, तरी उष्णतेचा नियम त्यांनाही सुटत नाही.

जास्त व्होल्टेजनं चिप खरोखर किती बिघडते याचे दाखले आहेत. २००२-०३ च्या सुमारास नॉर्थवुड पेंटियम ४ ला १.७ व्होल्टच्या वर नेणाऱ्यांच्या चिप अचानक मरू लागल्या, इतक्या की त्या प्रकाराला ‘सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम’ असं नावच पडलं. २००८ मध्ये पहिला कोअर आय७ आला तेव्हा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत गेला, आणि रॅमला १.६५ व्होल्टच्या वर दिलं तर प्रोसेसर कायमचा खराब होऊ शकतो असा इशारा इंटेलनं दिला. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी चिप सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रं आली. त्या प्रकरणात अनेकांनी हातानं काहीच वाढवलेलं नव्हतं. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (एएमडीचं एक्सएमपीसारखं) चालू केलं आणि बोर्डानं एसओसी व्होल्टेज स्वतःच चढवलं, एवढंच. त्यानंतर एएमडीनं नव्या फर्मवेअरमध्ये ते १.३० व्होल्टला बांधलं. तुमच्याकडे एएम५ असतं तर त्या आधीचा बायोस एक दिवसही ठेवू नका असंच मी सांगितलं असतं.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचं प्रकरण झिजेच्या दृष्टीनं सर्वांत बोलकं आहे. तिथे चिप एका रात्रीत जळाल्या नाहीत. चिप जास्त व्होल्टेज मागत होती, बोर्डही ढिल्या मर्यादा ठेवत होते, आणि उच्च व्होल्टेज व तापमानानं कोअरमधलं क्लॉकचं सर्किट हळूहळू म्हातारं झालं. आधी चालणाऱ्या वेगाला जास्त व्होल्टेज लागू लागलं. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडनं (चिपच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीनं) १.५५ व्होल्टवरच्या मागण्या रोखल्या, पण झालेली झीज त्यानं भरून निघाली नाही. अशा चिप बदलूनच द्याव्या लागल्या, आणि इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

त्या प्रकरणातून झिजेची लक्षणंही कळली. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. ग्राफिक्स कार्ड धडधाकट असायचं, चूक व्हायची ती प्रोसेसर दाबलेल्या फायली उलगडताना. कोणत्याही झिजलेल्या किंवा काठावरच्या मशीनला हीच परीक्षा लागू पडते. मोठी ७-झिप फाइल उलगडताना सीआरसी एरर (फाइल मूळ आकड्यांशी जुळत नसल्याचा संदेश) येणं, तीच फाइल दुसऱ्यांदा व्यवस्थित उलगडणं, इन्स्टॉलर मध्येच थांबणं, वर्षापूर्वी पास झालेली चाचणी आता नापास होणं. ही लक्षणं दिसली की बहुतेकांचा हात २० मिलिव्होल्ट वाढवायला जातो. तसं करू नका. झिजलेल्या चिपला जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त वेगानं झीज. त्याऐवजी वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झनं खाली आणा. आणि मुळातच स्थिर ठरलेल्या सेटिंगच्या एक पायरी खाली राहा: निगेटिव्ह २० पास होत असेल तर १५ ठेवा.

वॉरंटीबाबत भ्रमात राहू नका. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत धरलं जात नाही, आणि एएमडीच्याच सॉफ्टवेअरनं किंवा पीबीओनं वाढवलेला वेगही त्यात मोडतो. इंटेल पूर्वी ज्यादा पैसे घेऊन ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळं संरक्षण विकत असे, तेही २०२१ मध्ये बंद झालं.

सेटिंग पक्कं झालं की बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवा, आणि शिवाय सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेट केला की अनेक बोर्डांवर साठवलेली प्रोफाइल पुसली जातात किंवा नव्या आवृत्तीला वाचता येत नाहीत. मग माणूस घाईनं एक्सएमपी चालू करतो आणि एसओसी, व्हीडीडीजी हे सगळं पुन्हा ऑटोवर जातं. अपडेटनंतर पहिल्यांदा विंडोज उघडलं की आधी एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसी व्होल्टेज आणि भाराखालचं कोअर व्होल्टेज कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघा, मग कामाला लागा.